गुडघा आणि घाई

आमचें घर चौलचें. वाडी सुपारीची आणि मुलांना वेड कबड्डीचें. अलिबाग-पेण-रोह्याकडे हा खेळ गांवोगांव चालतो, हें वाचकांस ठाऊकच असेल. गेल्या वर्षीं माझा पुतण्या चढाई करतांना एकाएकीं वळला. बूट मॅटला धरून राहिला, अंग मात्र फिरलें. गुडघ्यांत 'कट्' असा आवाज झाला आणि तो खालींच बसला.

आईनें हळदीचा लेप लावला. पंधरा दिवसांत सूज ओसरून तो चालूं लागला. दोन महिन्यांनीं गांवांत सामना होता. "सूज नाहीं, दुखत नाहीं, मग बसून कां राहतोस?" असें मींच त्याला म्हटलें. त्या सामन्यांत गुडघा पुनः निसटला.

मांडव्याहून बोटीनें त्याला मुंबईस नेलें. डॉक्टरांनीं एम. आर. आय. दाखवून समजावलें, तेव्हां माझी मान खालीं गेली. मांडीचें हाड व नडगी यांना जागेवर धरणारा, गुडघ्याच्या मधून तिरपा जाणारा अस्थिबंध पहिल्याच दिवशीं तुटला होता. तो बहुधा आपोआप सांधत नाहीं. सूज मात्र उतरते आणि माणूस फसतो. तशा सैल गुडघ्यानें खेळल्यामुळें आंतील कूर्चेची गादीही फाटली होती. परदेशांत रग्बी खेळणारे गडीही याच दुखापतीनें जायबंदी होतात. धांवतां धांवतां वळणें आणि अंगावर झेपावणें तेथेंही आहेच.

शस्त्रक्रियेंत मांडीमागच्या स्नायूची कंडरा घेऊन नवा बंध घातला. ही कंडरा हाडांत रुजावी लागते. आरंभीं ती उलट नरम पडते व मग हळूहळू बळावते. म्हणून चालतां आलें तरी खेळण्यास निदान ९ महिने हवेत, आणि दोन्ही पायांची ताकद सारखी भरली पाहिजे. नॉर्वे व अमेरिका येथील संशोधकांनीं २०१६ सालीं दाखविलें कीं, ९ महिन्यांपर्यंत खेळ जितके महिने लांबवावा, तितक्या दर महिन्यास पुनः दुखापतीचा धोका सुमारें निम्म्यानें घटतो.

ज्यांच्या घरीं खेळणारीं मुलें आहेत, त्यांनीं एवढेंच ध्यानांत ठेवावें: सूज उतरली म्हणजे गुडघा बरा झाला असें नव्हे.

सहाव्या महिन्यांत संघनिवडीचें बोलावणें आलें. सर्वांची नजर माझ्याकडे वळली. मीं तोंड उघडण्याआधींच तो म्हणाला, "काका, या खेपेस गुडघ्याचें ऐकूं या."

आतां रोज पहांटे तो ओटीच्या पायरीवर एका पायानें चढउतार करतो आणि मी शेजारीं बसून मोजतों. माझ्या चुकीला दुसरें प्रायश्चित्त मला तरी सुचलेलें नाहीं.