बिबट्या आणि शेजाऱ्याचा हक्क

अरबीत बिबट्याला 'नमिर' म्हणतात. अरबस्तानातला नमिर हा डोंगरातला प्राणी. ओमानमध्ये धोफारकडच्या जबल समहानवर आणि येमेनच्या कड्याकपाऱ्यांत तो अजून तग धरून आहे. संख्या किती, तर सगळे मिळून २०० देखील नाहीत. सौदीच्या रानातून तो जवळपास संपला. आता ताइफच्या केंद्रात त्याची पैदास करून पुढेमागे अल-उलाच्या डोंगरांत त्याला पुन्हा सोडायचा तिथल्या सरकारचा बेत आहे. संयुक्त राष्ट्रांनी १० फेब्रुवारी हा दिवस त्याच्या नावाने लावून दिलाय. उमरा करून आलेले आपले लोक ताइफच्या घाटाचं, तिथल्या गुलाबांचं आणि माकडांचं कौतुक सांगतात. एकेकाळी त्याच घाटात बिबटे फिरत, हे सांगणारा मला अजून भेटलेला नाही.

आणि इथे बोरिवली. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान म्हणजे जेमतेम १०३ चौरस किलोमीटरचा डोंगर. एका अंगाला बोरिवली, मालाड, गोरेगाव, दुसऱ्या अंगाला मुलुंड, भांडुप, वर ठाणं. पोटात तुळशी आणि विहार तलाव. २०१५ साली कॅमेरे लावून मोजणी झाली तेव्हा उद्यान, आरे आणि आसपासच्या पट्ट्यात ३५ बिबटे दिसले. २०१८ मध्ये ४७. पुढे पन्नाशीही ओलांडली. ज्या जनावरासाठी श्रीमंत देश वाळवंटात कुंपणं घालून बसलेत, त्याच जातीचं जनावर आमच्याकडे रिक्षा स्टँडच्या मागे राहतं. जगभरात बिबट्याची नोंद 'असुरक्षित' म्हणून आहे आणि आपल्या १९७२ च्या वन्यजीव कायद्यात तो वाघाच्या बरोबरीने पहिल्या अनुसूचीत आहे. तरी मालाड पूर्वेच्या उतारावर कुणाला विचारा, 'धोक्यात कोण आहे?' तर उत्तर येईल, 'आम्ही!'

ते उत्तर खोटं नाही. २००४ चा जून महिना इथल्या जुन्या लोकांना चांगला आठवतो. त्या एका महिन्यात या उद्यानाच्या कडेला बिबट्यांनी दहा माणसं मारली. बळी गेले ते बहुतेक वस्त्यांतले, पाड्यांतले. ज्यांना रात्री-पहाटे बाहेर जावं लागे, कारण घरात संडास नव्हता. तेव्हा सगळीकडून एकच मागणी झाली: पिंजरे लावा, पकडा, लांब नेऊन सोडा.

पण लांब नेऊन सोडणं हेच दुखण्याचं एक मूळ होतं, हे विद्या अत्रेय यांच्या जुन्नरमधल्या अभ्यासातून पुढे आलं. जुन्नरच्या उसात बिबटे पकडून दुसऱ्या जंगलांत सोडायचा सपाटा २००१ मध्ये लागला. त्याआधी तिथे माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत. नंतर ते सतरावर गेले. अनोळखी मुलखात टाकलेलं जनावर बावचळतं, त्याला घराकडे परतायचं असतं, वाटेत माणसं असतात. आणि रिकाम्या झालेल्या जागेत दुसरा, बहुधा तरणा, अननुभवी बिबट्या येऊन बसतो. जुन्नरकडचे काही बिबटे तर आपल्याच उद्यानात आणून सोडले होते. म्हणजे एका ठिकाणचा प्रश्न उचलून दुसऱ्याच्या दारात. मला यात कायद्याच्या राज्यातल्या बदल्यांची आठवण होते, पण ते असो.

याच अत्रेयबाईंनी २००९ मध्ये एका म्हाताऱ्या बिबट्याच्या गळ्यात पट्टा बांधून त्याला माळशेज घाटात सोडलं. 'आजोबा' त्याचं नाव. तो कसाऱ्याचं स्टेशन, हमरस्ता, वसईची खाडी पार करत शंभरावर किलोमीटर चालला आणि आपल्या उद्यानाच्या हद्दीत येऊन राहिला. वाटेत त्याने एकाही माणसाला इजा केली नाही. २०११ च्या डिसेंबरात तो रस्त्यावर गाडीच्या धडकेने मेला. त्याच्यावर पुढे मराठी सिनेमा निघाला, तो बऱ्याच जणांनी पाहिला असेल.

त्याच २०११ मध्ये सुनील लिमये उद्यानाचे संचालक असताना वनखात्याने अभ्यासक आणि नागरिकांना बरोबर घेऊन काम सुरू केलं. पोलिसांना शिकवलं की बिबट्या दिसला तर आधी गर्दी पांगवा. पत्रकारांना सांगितलं की बिबट्या 'घुसला' असं लिहू नका, तो इथलाच आहे. वस्त्यांतून उजेड, संडास, कचरा यांवर बोलणं झालं. २००४ चा आकडा पुन्हा आला नाही. अधूनमधून दुःखद घटना घडतात. २०२२ च्या दिवाळीत पहाटे आरेमध्ये एका चिमुरडीचा जीव गेला. तिच्या आईला कुणी आकडेवारी सांगायला जाऊ नये.

बिबट्याच्या बाजूने लिहिणारे बरेचजण एक गोष्ट गाळतात. हे जंगल वाचवण्याची किंमत कुणी मोजली? मुंबई उच्च न्यायालयाच्या १९९७ च्या आदेशानंतर उद्यानातल्या हजारो झोपड्या तोडल्या गेल्या. दलित, मुसलमान, कोकणातून-घाटावरून-उत्तरेतून आलेले मजूर. काहींना चांदिवलीत घरं मिळाली, बरेचजण कागदपत्रांअभावी गळाले. पाड्यांतले वारली तर शहराच्याही आधीचे, वाघोबाला देव मानून त्याच्या शेजारी राहणारे. तेही अतिक्रमणाच्या यादीत. आणि उद्यानाच्या भिंतीला टेकून उभे राहिलेले टॉवर? त्यांच्या जाहिरातीत जंगलाचा देखावा विकायला असतो. मग एका रात्री सीसीटीव्हीत बिबट्या दिसला की सोसायटीच्या ग्रुपवर पिंजऱ्याची मागणी सुरू. देखावा हवा, देखाव्यात राहणारा नको. वस्तीतली खाला निदान 'या अल्लाह' म्हणून दार लावून घेते, फोन करत नाही.

आता आपल्या घरचं. बिबट्या वस्तीकडे येतो तो माणसासाठी नाही, कुत्र्यांसाठी येतो. २०१८ च्या एका अभ्यासाचा अंदाज आहे की इथले बिबटे वर्षाला सुमारे १५०० भटकी कुत्री खातात, आणि त्यामुळे कुत्रा चावण्याच्या हजारेक घटना टळतात. हे उपकारच. पण कुत्री कशाला जमतात? कचऱ्याला. उताराच्या कडेला हॉटेलांचं उष्टं, चिकनच्या दुकानांतली पिसं-आतडी गोणीत भरून नाल्यात ढकललेली असतात. बकरी ईदच्या तीन दिवसांत त्यात ओझड्या आणि शिंगं-खुरांची भर पडते. हे लिहिलं की दोन प्रकारचे लोक खूश-नाखूश होतात. एकांना आपल्याविरुद्ध बोलायला कोलीत हवं असतं. त्यांनी आधी वर्षभराच्या हॉटेली कचऱ्याचा हिशेब द्यावा. दुसरे म्हणतात, घरातलं बाहेर का बोलता? बोलतो, कारण त्या नाल्याच्या काठावर आपलीच पोरं खेळतात.

माझ्या ओळखीचे एक कसाई चाचा आहेत. मी त्यांना मदिनेच्या हरमची गोष्ट सांगितली: हुजूर सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांनी मदिनेभोवतीचा मुलूख सुरक्षित ठरवला, तिथे झाड तोडायचं नाही, शिकार करायची नाही. राखीव कुरणांची 'हिमा' ही रीत अरबांत त्याआधीपासून होती, इस्लामने ती सरदाराच्या मर्जीतून काढून सगळ्यांच्या भल्यासाठी वळवली. कुरआनात जनावरांच्या जातींनाही 'उम्मत' म्हटलंय. चाचा ऐकत ऐकत सुरी पुसत होते. म्हणाले, "बेटा, वो सब ठीक. पण शेजाऱ्याचा हक्क किती घरांपर्यंत?" चाळीस घरांपर्यंत असं आपल्याकडे सांगतात. चाचांच्या दुकानापासून डोंगराची भिंत बाविसावी येते. ते स्वतःच मोजून आले.

या डोंगराखालून आता गोरेगाव-मुलुंड रस्त्याचे जुळे बोगदे जाताहेत, ठाणे-बोरिवलीचा वेगळा. आरेत मेट्रोच्या कारशेडसाठी २०१९ च्या ऑक्टोबरात रातोरात दोन हजारांवर झाडं पडली. पुढच्या वर्षी ८१२ एकर राखीव वन ठरवल्याची घोषणा झाली. तिथल्या पाड्यांच्या हक्कांचं भिजत घोंगडं मात्र तसंच. बिबट्याला रस्ता ओलांडायला जागा ठेवणं हे सरकारचं काम, त्यावर आपण सह्या करू, मोर्चाला जाऊ. ओझडी कुठे टाकायची याला मोर्चा लागत नाही.

गेल्या ईदला आमच्या गल्लीतल्या पोरांनी वर्गणी काढून एक टेम्पो ठरवला. घरोघरी जाड काळ्या पिशव्या वाटल्या आणि तिन्ही दिवस असरच्या नमाजनंतर फेरी मारून माल पालिकेच्या ठरलेल्या ठिकाणी पोचवला. तिसऱ्या दिवशी टेम्पोवाल्याने वासाचे दोनशे जादा मागितले, ते चाचांनी दिले. यंदा तीन गल्ल्यांनी नावं दिलीत. भिंतीला लागून असलेल्या चौथ्या गल्लीशी बोलणं चालू आहे. त्यांचं म्हणणं, पिशव्या आधी द्या, वर्गणीचं नंतर बघू.