मिरीचे दात

मिरी चावायची, पण रागावून कधीच नाही. घरी येणाऱ्या प्रत्येकाला हे आधी सांगावं लागे, कारण तिचा पहिला चावा बहुधा लाडात असतानाच बसायचा. मांडीवर येऊन घुरघुरायची, मान वर करून हनुवटी खाजवून घ्यायची आणि एकाएकी तोच हात पुढच्या पायांनी कवटाळून, मागच्या पायांनी लाथा झाडत मनगट तोंडात धरायची.

चिपळूणजवळच्या आमच्या घरी ती ऐन आषाढात आली. मांजर पिल्लांना सात घरं दाखवते म्हणतात. तिच्या आईने लाकडांच्या खोपीत पिल्लं आणली आणि लगेच हलवलीही, पण पाऊस असा लागला की एक मागे राहिलं. डोळे उघडलेले, पाय अजून लटपटते. आम्ही खूप वाट पाहिली, आई परतली नाही. पांढऱ्या अंगावर नाकाशेजारी एकच काळा ठिपका, म्हणून आजीने नाव ठेवलं मिरी.

मांजराचं पिल्लू चावणं आईच्या पोटातूनच शिकून येतं. किती चावावं हे मात्र त्याला भावंडं शिकवतात. साधारण चार आठवड्यांचं झाल्यापासून बारा-चौदा आठवड्यांपर्यंत त्यांची लुटुपुटीची मारामारी चालते. एकाचा दात जोरात लागला की दुसरं किंचाळतं आणि खेळ मोडून निघून जातं. खेळ हवा तर दात आवरायचे, एवढा साधा धडा. मिरीच्या वाट्याला तो आलाच नाही. तिला भावंडं म्हणून आम्हीच होतो आणि आमच्या हातांवर केसाळ कातडीही नव्हती.

सगळ्यात जास्त छळ आजीचा. दिवेलागणीला मांजरं शिकारीच्या रंगात असतात. त्याच वेळी आजी तुळशीपाशी दिवा लावायला निघे आणि तिच्या लुगड्याच्या हलत्या निऱ्यांवर मिरी दाराआडून झेप घेई. "अगो बाय, पाय माझा, उंदीर नव्हे," म्हणत आजी होती तिथे उभी राही. ओरडत नसे, पाय ओढत नसे. निऱ्या हलायच्या थांबल्या की मिरीचाही रस गेला. पुढे जनावरांच्या डॉक्टरांनी आम्हाला नेमकं हेच सांगितलं : ओढलेला हात मांजराला पळणाऱ्या शिकारीसारखा वाटतो, मग पकड आणखी घट्ट होते. हात सैल सोडा, खेळ थांबवा, उठून जा. मारू नका.

साडेतीन-चार महिन्यांची झाली तसे दुधाचे दात पडू लागले. ते 26 असतात, त्यांच्या जागी 30 पक्के येतात. त्या दिवसांत तिने खाटेचा पाय, चपलांचे पट्टे, सुपाची कड, काही सोडलं नाही. केर काढताना आजीला तांदळाच्या कणीएवढा एक दात सापडला. तिने तो कुंकवाच्या करंड्यात ठेवला.

पक्के सुळे आल्यावर दादाच्या अंगठ्यात एक खोल रुतला. मांजराच्या चाव्याची जखम वरून टाचणी टोचल्यासारखी दिसते आणि लवकर मिटते. तोंडातले जंतू आतच राहतात. संध्याकाळपर्यंत अंगठा टरारून सुजला. नुसती हळद दाबून भागण्यासारखं ते नव्हतंच. साबण लावून वाहत्या पाण्याखाली बराच वेळ धुणं, दवाखाना, औषधं आणि रेबीजची इंजेक्शनं, सगळं झालं. मिरीला घालवून द्या, असं शेजारून सुचवलं गेलं. आजीने ऐकून घेतलं आणि माडाच्या झापाचा लांब हीर काढून त्याच्या टोकाला चिंधी बांधली. रोज संध्याकाळी ती चिंधी अंगणभर फिरायची, मिरी धावायची, झेपायची, चिंधीला चावून चावून दमायची. मग बांगड्याचा तुकडा खाऊन, अंग चाटून झोपायची.

चावे पूर्ण थांबले नाहीत, हलके झाले. आम्हीही तिला वाचायला शिकलो. शेपटीचं टोक आपटू लागलं, कान बाजूला वळले, पाठीची कातडी थरथरली की कुरवाळणं पुरे. त्यानंतरचा चावा हा तिचा दोष नव्हता. तिने सांगून झालेलं असे. मांजर लहरी असतं असं म्हणणाऱ्यांनी मांजराकडे नीट पाहिलेलं नसतं, असं माझं ठाम मत आहे.

म्हातारपणी हिरड्या सुजून तिने खाणं टाकलं, तेव्हा सुळ्यांसकट बरेच दात काढावे लागले. जखमा भरल्यावर ती कुस्करलेला मासा पुन्हा आवडीने खाऊ लागली. आजीच्या मांडीवर बसून तिचं बोट नुसत्या हिरड्यांत धरायची आणि आजी आपल्या बोळक्या तोंडाने हसायची, "चाव गो बाय, चाव." एका भाद्रपदात मिरी गेली. रातांब्याच्या मुळाशी तिला पुरलं.

आता घरात दोन बोके आहेत, एकाच आईचे, मुद्दाम जोडीने आणलेले. दिवसभर एकमेकांच्या माना धरतात, किंचाळतात, सोडतात. दादा मधूनच बोट पुढे करतो. ते हुंगतात, एकदा चाटतात आणि पुन्हा एकमेकांवर तुटून पडतात.