सुटलेल्या झेलाचा रकाना

रुआबांध्यात आमच्या क्वार्टरच्या रांगेत नागपूरकडचे एक काका राहत. भिलाईच्या पोलाद कारखान्यात हिशेबाचं काम, आणि घरी क्रिकेटच्या वह्या. आकडे वाचायला मी शिकलो तो त्यांच्या ओट्यावर.

शाळेत असताना गोलंदाज मोजायची मला एकच रीत ठाऊक होती: बळी किती? कसोटीत चंद्रशेखरचे २४२, बापू नाडकर्णींचे ८८. बापूंना मी केव्हाच मोडीत काढलं होतं.

काका वाद घालत बसले नाहीत. "दिलेल्या धावांना बळींनी भाग," एवढंच म्हणाले. चंद्रशेखर २९.७४, बापू २९.०७. मी पुन्हा भागून पाहिलं. "आता चेंडू मोज." चंद्राला एका बळीमागे ६६च्या आसपास चेंडू लागत, बापूंना १०४. पण षटकामागे चंद्रा २.७० धावा देई आणि बापू अवघ्या १.६७. एक उधळ्या पण घातक, दुसरा चिक्कू, आणि सरासरी जवळजवळ तीच! जानेवारी १९६४मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध बापूंनी सलग २१ षटकं निर्धाव टाकली. त्या डावात ३२ षटकं, ५ धावा, बळी एकही नाही. तिथे सरासरी काढायची कशी, शून्याने भागून?

पद्माकर शिवलकरांपाशी मात्र काकांचंही गणित अडे. प्रथम श्रेणीत ५८९ बळी, सरासरी १९.६९, आणि कसोटी एकही नाही. त्याच काळात त्यांच्यासारखेच डावखुरे फिरकीपटू बेदी भारतीय संघात होते, हे उत्तर काकांना पुरत नसे. मलाही पुरत नाही.

सेक्टरमधल्या सामन्यांची वही काका स्वतः लिहीत. तिच्यात सुटलेल्या झेलांसाठी त्यांनी वेगळा रकाना आखला होता. क्रिकेटमध्ये जीवदान मिळालेला फलंदाज पुढे कितीही धावा करो, त्या धावा गोलंदाजांच्याच खात्यावर चढतात. बेसबॉलमध्ये पिचरची सरासरी काढताना क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे झालेल्या धावा वगळतात, हे मला फार पुढे कळलं. काकांनी बेसबॉल पाहिला असेल असं वाटत नाही.

आज मी एका लहान कारखान्यात उत्पादनाच्या नोंदी ठेवतो. कामगाराच्या नावापुढे नग लिहिले, की यंत्र किती वेळ बंद होतं तेही शेजारी लिहितो. हा रकाना छापील फॉर्ममध्ये नाही. साहेबांनी एकदा विचारलं, हे कुठं शिकलात? मी म्हटलं, रुआबांध्याला, आमच्या काकांकडे.