हात न लावता

घरात पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांत मासा हा असा एक आहे, ज्याला हात लावायचा नसतो. कुत्र्याचा गळा खाजवता येतो, मांजर आपण होऊन मांडीत येऊन बसतं, पोपटसुद्धा बोटावर उतरतो. माशाच्या अंगावर मात्र बुळबुळीत असा एक पातळ थर असतो आणि तोच त्याला रोगजंतूंपासून वाचवतो. कोरड्या हाताने धरलं की तो थर निघून येतो, आणि आपल्या लाडाची शिक्षा माशाला भोगावी लागते. म्हणजे कुरवाळणं गेलं, कुशीत घेणं गेलं, दारात वाट पाहणारं कुणी असण्याचं सुखही गेलं. तरीही दीड-दोन खोल्यांच्या घरांत लोक हौसेने काचेची टाकी आणतात, तिच्यासाठी अडचणीतून जागा काढतात. कशासाठी, असं विचारलं तर बहुतेक जण सांगतात की बघितलं की बरं वाटतं. हे खरंच आहे, पण अर्धंच. मला वाटतं, मासे पाळण्याचा आनंद या न लावलेल्या हातातूनच येतो. स्पर्शाची वाट बंद झाली की मायेला दोनच वाटा उरतात: नीट बघणं आणि नीट राखणं. इतर प्राण्यांच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी लाडाच्या आड निभावून जातात. माशाच्या बाबतीत त्यांच्यावाचून दुसरं काही नसतंच.

आधी बघण्याचं. आपल्या किनाऱ्यावर कुणाला मासा कळत नाही असं म्हणायची सोय नाही. कल्ला उचलून आतला लाल रंग पाहणं, डोळा फुगीर आहे की खोल गेलाय ते पारखणं, बोटाने दाबून मांस घट्ट आहे का ते बघणं, ही जाण घरोघरी आहे. पण ती पाण्याबाहेर आलेल्या माशाची जाण आहे. जिवंत मासा माणूस हजारो वर्षं वरूनच पाहत आला. चीनमध्ये शतकानुशतकं गोल्डफिश पैदा केले गेले, तेही तळ्यात आणि भांड्यात वरून शोभून दिसावेत म्हणून. माशाच्या पातळीला येऊन, बाजूने, त्याच्या नजरेसमोर राहून त्याला पाहण्याची सोय काचेच्या टाकीने केली आणि ती अजून दोनशे वर्षांचीही नाही. 1832 च्या सुमारास सिसिलीत जान व्हिलप्रे-पॉवर या संशोधिकेने समुद्री जीव जिवंतपणी न्याहाळता यावेत म्हणून काचेच्या टाक्या करवून घेतल्या. 1850 मध्ये लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने गोल्डफिश, पाणवनस्पती आणि गोगलगाई एकत्र ठेवून पाण्याचा तोल कसा राखला जातो ते दाखवलं. मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उभं राहिलं ते 1951 मध्ये. ज्या समुद्रातला मासा मुंबईकर रोज ताटात पाहत होते, त्याच समुद्राचे मासे आता काचेपलीकडे श्वास घेताना दिसू लागले.

या बघण्यातून काय हाती लागतं हे कळायला आपल्याकडे दुकानात ‘फायटर’ म्हणून मिळणारा बेट्टा पुरेसा आहे. भांडखोर म्हणून त्याची ख्याती. दोन नर एकत्र ठेवले तर एकमेकांचे पर फाडतात हेही खरं. पण वीण जवळ आली की हाच नर पाण्याच्या पृष्ठभागाशी येतो, तोंडात हवा घेतो, ती लाळेत घोळवतो आणि एखाद्या तरंगत्या पानाखाली बुडबुडा सोडतो. मग दुसरा, मग तिसरा. तासन् तास खपून तो बुडबुड्यांचं घरटं बांधतो. मादी अंडी सोडते तेव्हा ती खाली बुडू लागतात. नर खाली सूर मारतो, एकेक अंडं तोंडात झेलतो आणि घरट्यात नेऊन चिकटवतो. त्यानंतर मादीलाही तो जवळ फिरकू देत नाही. दीड-दोन दिवसांत पिल्लं बाहेर येतात, शेपूट खाली करून बुडबुड्यांना लटकतात, आणि जे निसटून घसरेल त्याला बाप पुन्हा वर आणून ठेवतो. कॉनराड लॉरेन्झ या प्राणिवर्तनशास्त्रज्ञाने आपल्या टाकीतल्या ज्वेल फिश नावाच्या माशाबद्दल लिहून ठेवलेला एक प्रसंग याच्याही पुढचा आहे. संध्याकाळी भरकटलेली पिल्लं तोंडात घेऊन घरी पोचवणारा बाप गांडुळाचा तुकडा चघळत असताना त्याला एक पिल्लू एकटंच पोहताना दिसलं. त्याने धावत जाऊन तेही तोंडात घेतलं. आता एकाच तोंडात एक गिळायची वस्तू आणि एक जपायची. मासा गाल फुगवून निश्चल थांबला. मग त्याने दोन्ही बाहेर टाकलं, पिल्लावर एक डोळा ठेवून सावकाश गांडूळ खाल्लं, आणि शेवटी पिल्लू उचलून घरी नेलं. समोर बसलेल्या विद्यार्थ्यांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. लॉरेन्झना 1973 चं नोबेल मिळालं. हा प्रसंग दिसायला मात्र लागली ती एक टाकी आणि न कंटाळता बसलेली नजर.

अशी नजर हौशी माणसाकडून प्रयोगशाळेतही गेली आहे. अंगावर निळे पट्टे असलेला झेब्राफिश हा आपल्याच देशातला मासा. फ्रान्सिस हॅमिल्टनने गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवरच्या ग्रंथात 1822 मध्ये त्याचं वर्णन केलं. पुढे तो जगभरच्या दुकानांत स्वस्तातला, काटक मासा म्हणून विकला जाऊ लागला. अमेरिकेत ऑरेगनमध्ये जॉर्ज स्ट्रायसिंगर या जीवशास्त्रज्ञाला मासे पाळण्याची हौस होती. त्याने या माशाची पारदर्शक अंडी हेरली, कारण आत वाढणारा जीव बाहेरून दिसतो. माणसाच्या सुमारे 70 टक्के जनुकांना झेब्राफिशमध्ये जोड सापडते हे आता माहीत आहे, आणि हृदयापासून कर्करोगापर्यंतचं संशोधन त्याच्यावर चालतं.

आता राखण्याचं. इथे मला जरा थांबायचं आहे, कारण बहुतेक टाक्या इथेच मोडतात. रविवारी टाकी आणली, नळाचं पाणी भरलं, दुकानातून पिशवीत दिलेले आठ मासे सोडले. आठवड्याभरात चार मेले. मग घरातलं कुणीतरी वडीलधारं म्हणतं, घरावरचं संकट माशाने स्वतःवर घेतलं. या समजुतीमागची माया मला दिसते. मरणाला अर्थ हवा असतो. पण ही समजूत आपल्याला एका जबाबदारीतून मोकळं करते, म्हणून ती मला मान्य नाही. माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया पाण्यात येतो. जुन्या टाकीत एका जातीचे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि नायट्रेट थोड्या प्रमाणात मासे सोसतात. नव्या टाकीत हे जीवाणूच नसतात. फिल्टरच्या स्पंजवर, तळाच्या खड्यांवर त्यांची वस्ती व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर पाणी काचेसारखं नितळ दिसत राहतं आणि मासे त्यात जळत असतात. आपल्या घरातली स्वच्छतेची कल्पना इथे उलटी पडते. घासून-पुसून लख्ख करणारा माणूस फिल्टरचा स्पंज नळाखाली धुतो, नळाच्या पाण्यातलं क्लोरिन त्या वस्तीला मारतं, आणि टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर येते. जाणता माणूस स्पंज टाकीतल्याच काढलेल्या पाण्यात हलकेच पिळतो, आठवड्याला थोडंच पाणी बदलतो, नवं पाणी क्लोरिन काढूनच घालतो, लाइट जाण्याच्या दिवसांत बॅटरीवरचा एअर पंप हाताशी ठेवतो. ज्याला कधी पाहता येणार नाही अशा जीवाणूंची काळजी घेण्याची ही सवय मला माशांच्या रंगांहून मोलाची वाटते.

कुणी म्हणेल, मनाच्या शांतीसाठीच हवं असेल तर टीव्हीवर माशांचा व्हिडिओ लावावा. ना पाणी, ना मरण. इंग्लंडमधल्या प्लिमथच्या मत्स्यालयात झालेल्या एका अभ्यासात टाकीतले मासे वाढत गेले तसे पाहणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके अधिक मंदावल्याचं दिसलं. फक्त पाहण्याचाच प्रश्न असेल तर पडदाही काही प्रमाणात हे करील, हे मी मान्य करते. पण अमेरिकेत टेक्सासला मधुमेह असलेल्या मुलांवर झालेला एक छोटा प्रयोग 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. 10 ते 17 वर्षांच्या 28 मुलांपैकी काहींना एकेक बेट्टा दिला. सकाळ-संध्याकाळ त्याला खाऊ घालायचं आणि त्याच वेळी स्वतःची रक्तशर्करा तपासायची. आठवड्याला त्याचं पाणी बदलायचं आणि त्याच दिवशी शर्करेच्या नोंदी आईवडिलांबरोबर पाहायच्या. तीन महिन्यांनी या मुलांची सरासरी साखर उतरली होती, मासा नसलेल्यांची चढली होती. मुलं थोडी होती, काळ थोडा होता. एवढ्यावर फार मोठं विधान करू नये. पण काम कशाने झालं असावं याचा अंदाज येतो. त्या मुलांची साखर उतरली ती मासा पाहण्याने नव्हे, त्याला वेळेवर खायला घालण्याने. पडदा आपल्याकडे काहीच मागत नाही.

खरा आक्षेप वेगळाच आहे आणि तो टाळता येत नाही: ही कैद आहे. माशाला काय कळतंय, हे उत्तर आता चालणार नाही. माशांची स्मृती तीन सेकंदांची असते ही निव्वळ थाप आहे. ऑस्ट्रेलियातल्या रेनबोफिशना जाळ्यातून सुटायची वाट अकरा महिन्यांनंतरही आठवत होती. ट्राउट माशाला वेदना होतात याचा सबळ पुरावा 2003 पासून समोर आहे. त्याच दशकात, 2005 मध्ये, रोम शहराने गोल काचेच्या भांड्यात गोल्डफिश ठेवायला बंदी केली, ते योग्यच झालं. दहा-पंधरा वर्षं जगू शकणारा, हातभर वाढण्याची ताकद असलेला मासा टेबलावरच्या वाडग्यात ठेवून आपण त्याला काही महिन्यांत मारतो. वास्तूसाठी म्हणून तीन फुटी टाकीत कोंडलेला अरोवाना, ज्याला धड वळताही येत नाही, त्याला मी पाळणं म्हणणार नाही. सह्याद्रीच्या ओढ्यांतला ‘मिस केरळ’ हा लाल पट्ट्याचा देखणा मासा हौशी बाजारासाठी इतका पकडला गेला, की आता तो धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत आहे. हे सगळं कबूल करूनही मी मासे पाळण्याच्या बाजूने उभी राहते. गप्पी, बेट्टा, झेब्राफिश अशा बहुतेक गोड्या पाण्यातल्या जाती आज टाक्यांतच पैदा होतात; त्यांच्यासाठी कुठली नदी उपसावी लागत नाही. आणि जागा पुरेशी आहे की नाही हे सांगायला मासा बोलत नसला तरी तो दाखवतो. त्रासलेल्या माशाचा रंग उतरतो, पर अंगाला चिकटतात, तो कोपऱ्यात पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतो. हे दिसायला पुन्हा तीच नजर लागते. जिथे ती नाही, तिथे टाकी नसावी, इतका हा आक्षेप मी मानते.

या नजरेला टाकीपलीकडचंही दिसलं पाहिजे. सकर मासा दुकानात बोटभर असतो, काचेवरचं शेवाळ खातो, म्हणून हमखास घेतला जातो. काही वर्षांत तो दीड फुटापर्यंत जातो, टाकी पुरेनाशी होते, आणि मग ‘जाऊ दे बिचारा मोकळ्या पाण्यात’ म्हणून त्याला नदीत सोडलं जातं. सोडणाऱ्याच्या मनात दयाच असते. पण अंगावर हाडांचं चिलखत असलेला हा दक्षिण अमेरिकेतला मासा आपल्या पाण्यात रुजला आहे. उजनीच्या मच्छीमारांच्या जाळ्यात तो येतो, जाळी फाडतो, आणि बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. टाकी बंद करायची वेळ आली तर मासे दुकानात परत द्यावेत, दुसऱ्या पाळणाऱ्याला द्यावेत. विहिरीत, तलावात, विसर्जनाच्या घाटावर सोडू नयेत. आणि बोटभर सकर पिशवीत घालून देताना तो पुढे किती वाढतो हे दुकानदाराने सांगितलं पाहिजे. नाही सांगितलं तर पैसे देण्याआधी आपण विचारलं पाहिजे.