१०८९ सीसी

न्यूयॉर्कच्या ‘म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट’मध्ये १९५१ साली आठ मोटारींचं प्रदर्शन भरलं होतं. चित्रं नि शिल्पं जिथे ठेवायची तिथे मोटारी आणून उभ्या केल्या. त्या आठांत ‘सिसिटालिया २०२’ ही एक बुटकी, दोन माणसांपुरती इटालियन स्पोर्ट्स कार होती. पिनिन फारिना यांच्या कारखान्यात घडलेलं तिचं अंग असं की बॉनेट कुठे संपलं नि मडगार्ड कुठे सुरू झालं ते बोट ठेवून सांगता येऊ नये. पुढे १९७२ मध्ये या मॉडेलची एक गाडी संग्रहालयाने कायमची ठेवून घेतली. तिच्या वळणांवर जाणकारांनी पुष्कळ लिहिलंय. बॉनेट उघडून कुणी लिहिलेलं मात्र माझ्या पाहण्यात नाही. उघडलं असतं, तर कुर्ल्याच्या माणसाला आत सख्खं चुलत भावंड भेटलं असतं.

चार सिलिंडर. बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५, एकूण १०८९ सीसी. ओतीव लोखंडाचा ब्लॉक, वर ॲल्युमिनियमचं हेड. दांते जाकोसा या फियाटच्या इंजिनिअरने १९३७ च्या ‘५०८ सी’ गाडीसाठी हे इंजिन काढलं. युद्ध संपता संपता त्याच जाकोसाने पिएरो दुसिओ या हौशी उद्योगपतीला याच इंजिनावर रेसची गाडी आखून दिली, तीच पहिली सिसिटालिया. आणि वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्यात जी फियाट ११०० बनवायला घेतली, तिच्यातही हेच माप होतं. इटलीने मॉडेलं बदलली, इंजिन वाढवलं, शेवटी सगळंच सोडून दिलं. आपण १०८९ ला चिकटून राहिलो. १९७४ पासून तिला पद्मिनी म्हणू लागलो, एवढाच काय तो बदल.

म्हणजे दादरच्या टिळक पुलावर पाच माणसं आणि टपावर बेडिंग घेऊन पहिल्या गिअरात कण्हत चढणारी ती काळी-पिवळी आणि १९४७ च्या मिले मिलिया शर्यतीत तात्सिओ नुवोलारीला दुसरा नंबर देणारी ती सिसिटालिया, एकाच घरातल्या. याच नुवोलारीची आदल्या वर्षीची गोष्ट तर सांगण्यासारखीच आहे. तूरिनच्या शर्यतीत धावत्या गाडीचं स्टिअरिंग व्हील निघून त्याच्या हातात आलं. पठ्ठ्या एका हाताने व्हील उंच धरून आणि दुसऱ्या हाताने उरलेला दांडा वळवत पिटपर्यंत आला. आपल्याकडचा टॅक्सीवालाही आला असता म्हणा, फक्त वर मीटरप्रमाणे भाडं मागितलं असतं.

त्याहून मौजेची सोयरीक एन्झो फेरारीची. अल्फा रोमिओशी झालेल्या करारामुळे त्याला काही वर्षं स्वतःचं नाव लावून गाडी काढता येत नव्हती. तेव्हा त्याने १९४० साली ‘८१५’ नावाच्या दोन गाड्या बनवल्या. आठ सिलिंडर, दीड लिटर. ब्लॉक नवा ओतून घेतला, पण वर बसवली ती ‘५०८ सी’ची दोन हेडं, एकापुढे एक. एक गाडी तरुण अल्बेर्तो आस्कारीने चालवली. शर्यतीत दोन्ही गाड्या वाटेतच बंद पडल्या. तरी फेरारीने आपल्या कारखान्यात बनवलेली पहिली गाडी हीच, आणि तिच्या डोक्यावर फियाटचं हेड.

हे सगळं डोक्यात घोळायला लागलं ते माझ्या मावसभावामुळे. पवईला कुठल्याशा आयटी कंपनीत नोकरी, आणि आजोबांची फियाट मुलुंडच्या सोसायटीत ताडपत्रीखाली. तिचं इंजिन त्याला ‘रेसचं’ करून हवं होतं. मोबाइलवर त्याने यादीच केली होती: अमुक देशाचे पिस्टन, तमुक कंपनीचे कार्बोरेटर. ही यादी घेऊन आम्ही भांडुपच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या गाळ्यात गेलो. मेस्त्री कणकवलीकडचे. ऐन उमेदीची वर्षं कुर्ल्याच्या कारखान्यात काढलेली. यादी त्यांनी शांतपणे वाचली, मोबाइल परत दिला आणि म्हणाले, “आधी आहे ते सारखं करूया. मग आणायचं ते आण.”

वेगवान इंजिन म्हणजे काहीतरी जास्तीचं बसवणं, अशी माझीही समजूत होती. गाळ्यात बसून पाहिलं तेव्हा कळलं की बहुतेक काम सारखं करण्याचंच असतं. कारखान्यातून निघालेल्या इंजिनाचे चार सिलिंडर नावाला एकसारखे. प्रत्यक्षात एकाचं तोंड जरा खोल, दुसऱ्याचा पिस्टन जरा जड, तिसऱ्याच्या वाटेत ओतकामाची गाठ. टॅक्सीला त्याने काही बिघडत नाही. पण आकडे मोठे झाले की हेच ‘जरा’ अंगावर येतं.

हेडचंच घ्या. मेस्त्रींनी ते उलटं ठेवलं, व्हॉल्व्ह बसवले, कडेला ग्रीस लावून वर भोकाची काच चिकटवली आणि मेडिकलमधून आणलेल्या इंजेक्शनच्या सिरिंजने आत रॉकेल सोडायला लागले. कुठल्या खोबणीत किती सीसी मावतं ते वहीत लिहीत गेले. एका सिलिंडरचे २७२ सीसी वर दाबले जातात; गॅस्केटची जाडी वगैरे धरून वर ३४ सीसी जागा उरली तर दाब नवास एक. पण एका खोबणीत ३२ उरले आणि दुसरीत ३५, तर एक सिलिंडर साडेनऊवर जातो आणि दुसरा पावणेनऊवर रेंगाळतो. साडेनऊवाला आधी ‘नॉकिंग’ करणार. म्हणजे त्याच्यासाठी स्पार्क मागे घ्यायचा. पण डिस्ट्रिब्युटर एकच, म्हणून मागे घ्यायचा तो चौघांचाही. एकट्याच्या आडमुठेपणापायी तिघांनी हळू चालायचं. एकत्र कुटुंबात वाढलेल्या माणसाला हे निराळं समजावून सांगावं लागत नाही.

मग घासणं. पोर्टमधल्या गाठी काढायच्या, व्हॉल्व्हच्या सीटपाशी वळण मोकळं करायचं, आणि पुन्हा काच, पुन्हा सिरिंज, पुन्हा वही. सहा हजार आरपीएमला आत हवा शिरायला मिळतात ते जेमतेम सात हजारांश सेकंद. तेवढ्यात हवेने कोपऱ्याकोपऱ्यावर ठेच खाल्ली तर भरणार काय? भाऊ पॉलिश पेपर घेऊन आतली भिंत आरशासारखी करायला बसला, तर मेस्त्रींनी हात धरला. “येण्याची वाट खरखरीत ठेव. पेट्रोल भिंतीला धरून बसत नाही. जाण्याची वाट घास हवी तेवढी.”

क्रँक आणि एक जास्तीचं हेड कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या भंगारातून आणलं होतं. हेड सीएनजीवर धावलेल्या टॅक्सीचं निघालं. व्हॉल्व्हच्या सीट खाली बसलेल्या, कारण गॅस कोरडा, पेट्रोलसारखं वंगण त्याला नाही. त्या हेडवरून कितीजण कुर्ला स्टेशनला वेळेवर पोचले असतील देव जाणे. ब्लॉक मात्र आजोबांच्या गाडीचाच ठेवायचा, हा मेस्त्रींचा हट्ट. त्यात भावना काही नव्हती. इंजिनाचा नंबर ब्लॉकवर असतो आणि तोच आरसी बुकात. ब्लॉक बदलला की नंबर बदलला, नंबर बदलला की आरटीओ. शिवाय गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा फेरफार चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये बजावलेलंच आहे.

वजनाचा दिवस मला सगळ्यात आवडला. चार पिस्टन, चार पिना, चार कनेक्टिंग रॉड पिशवीत घालून आम्ही मुलुंडच्या पाच रस्त्यावर एका ओळखीच्या सराफाकडे गेलो, कारण ग्रॅमच्या खालचं मोजणारा खात्रीचा काटा आमच्या माहितीत तेवढाच. मंगळसूत्र वजन करायला आलेल्या बाईंनी एकदा पिस्टनकडे पाहिलं, एकदा आमच्याकडे, आणि पर्स जवळ ओढली. एवढा जीव काढायचं कारण साधं आहे. सहा हजार आरपीएमला पिस्टन सेकंदाला दोनशे वेळा जागीच थांबतो नि उलट्या दिशेने सुटतो. पाव किलोचा पिस्टन वरच्या टोकाला क्रँकला जवळजवळ पावणेपाचशे किलोंचा हिसका देतो. काट्यावर दिसणारा एका ग्रॅमचा फरक तिथे दोन किलोंच्या घरात जातो. आणि या इंजिनाच्या क्रँकला आधार तीनच बेअरिंगचा. आजकालच्या चार सिलिंडरवाल्यांसारखा पाचांचा नाही. सिसिटालियावाल्यांपुढेही हीच अडचण होती. तेव्हा मर्यादा ठरली, सहा हजार. पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १५ मीटर, म्हणजे ताशी ५४ किलोमीटर. संध्याकाळी सातला एलबीएस मार्गावर गाडी स्वतः कधी तेवढी धावणार नाही.

वेगाची ही सगळी खटपट अशा ठिकाणी चालते जिथे वेगाला जागाच नाही. पण त्याच रस्त्याच्या कडेने कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत कारखान्यांची रांग होती. प्रीमियर, विक्रोळीचं गोदरेज, कांजूरचं क्रॉम्प्टन, भांडुपचं सिएट, मुलुंडचं रॅलीवुल्फ. भोंग्यावर घड्याळ लावणारी उपनगरं ही. प्रीमियरच्या जागेवर आता कोहिनूर सिटीच्या इमारती आहेत. ज्या कुर्ल्यात पद्मिनीचे चाळीसएक घोडे निघायचे, तिथूनच पुढे फियाटची १.६ लिटरची पालिओ शंभर घोडे घेऊन निघाली होती, हे आता फार थोड्यांना आठवतं. शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २००३ च्या ऑक्टोबरात ताडदेवला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरून २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली. कारखाने गेले, लेथवरचे हात मात्र रातोरात कुठे जाणार? ते साकीनाक्याला, मरोळला, भांडुपला दहा बाय वीसच्या गाळ्यांत शिरले. एका गाळ्यात गॅसच्या शेगडीची बटणं, शेजारी इस्पितळाच्या खाटांची चाकं, त्याला लागून बोरिंगवाला. आमच्या ब्लॉकचं बोरिंग नि होनिंग अशाच एका गाळ्यात झालं. तिथला माणूस थाऊमध्ये बोलतो, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात, आणि बोअरमधून बोट फिरवून जो आकडा सांगतो तो नंतर डायल गेजवर पडताळून पाहतो. गेजवर विश्वास ठेवावा की नाही हे तपासत असल्यासारखा.

सिसिटालियाचं अंग घडवणाऱ्या पिनिन फारिनांच्या कंपनीचं पुढे काय झालं ते कळलं तेव्हा मला हसू आलं. २०१५ च्या डिसेंबरात महिंद्राने ती घेण्याचा करार केला. महिंद्रा, म्हणजे आपल्या कांदिवलीच्या आकुर्ली रोडवर ज्यांचा कारखाना आहे ते. मग पिनिन फारिनांच्या, म्हणजे मूळ पुरुषाच्या, नावाने ‘बातिस्ता’ ही गाडी निघाली, १९०० घोड्यांची. सिसिटालिया २०२ चे होते ५५ च्या आसपास. पण बातिस्ता विजेवर चालते. तिला इंजिनच नाही. मेस्त्रींना फोटो दाखवला. त्यांनी मोठा करून निरखला आणि विचारलं, “मग ह्याच्यात करायचं काय?” मला वाटतं, चालवणाऱ्याला ती गाडी सुख देत असेल, पण आवडत्या वस्तूच्या आत हात घालता येण्यात जे सुख आहे, ते तिने बंद करून टाकलं आहे. १९०० घोडे मला दिले तरी मी ते सराफाच्या काट्यावर ठेवू शकत नाही.

इंजिन बांधायला घेतलं त्या दिवशी गाळ्यात पंखा बंद. धूळ उडायला नको म्हणून. घासून बदललेला कॅमशाफ्ट, जोडीचे कार्बोरेटर (यादीतली एवढीच एक गोष्ट मेस्त्रींनी मान्य केली), रिंगांची तोंडं फीलर गेजने पाव मिलिमीटरच्या आसपास जुळवलेली, हेडचे नट मधून बाहेर, क्रमाक्रमाने, तीन फेऱ्यांत आवळलेले. गाडीत बसवून चावी फिरवली तर दोनदा खोकलं आणि तिसऱ्या खेपेला असं पेटलं की शेजारच्या बटणवाल्याचा टेबलावरचा चहाचा ग्लास सरकत कडेला आला. तो तक्रार करायला म्हणून आला आणि बॉनेटपाशी उभाच राहिला. दोन हजारांवर आवाज एकसंध, सणसणीत. पाय काढला की मात्र अडखळत, लंगडत चालायचं. तेही ठरवूनच होतं. या कॅमवर दोन्ही व्हॉल्व्ह थोडा जास्त वेळ एकत्र उघडे राहतात. वर चढल्यावर त्याचा फायदा, खाली मात्र थोडं पेट्रोल न जळताच मागच्या दाराने पसार.

भावाचे डोळे चमकत होते. पाचशे किलोमीटर रनिंग करून हेड परत आवळायचं होतं. त्याने बेत सांगितला: पहाटे तीनला मुलुंड टोल नाक्यावरून सुटायचं, ईस्टर्न एक्सप्रेस हायवेने चेंबूर, तिथून परत, मग पुन्हा. मेस्त्री हात पुसत ऐकत होते. लंगडणारा आयडल, टेलपाइपला येणारा पेट्रोलचा वास, आणि जुन्या गाडीला आयडलवर तीन टक्क्यांच्या आत ठेवावा लागणारा कार्बन मोनॉक्साइड, या तिन्हींची बेरीज त्यांनी आम्हा दोघांच्या आधी केली होती.

“चेंबूरचं नंतर बघ,” ते म्हणाले. “आधी पीयूसी काढून दाखव.”