दोन घटिका

इतवारीत आमचे कापडाचे दुकान आहे आणि वरच्याच मजल्यावर घर. चातुर्मासात सर्वांचा चौविहार असल्यामुळे सूर्यास्तापूर्वी सारे कुटुंब एका पंगतीत बसते. पाहणाऱ्याला हे एकत्र कुटुंबाचे आदर्श चित्र वाटावे. परंतु काही वर्षांपासून त्या पंगतीत प्रत्येक ताटाशेजारी मोबाइलही येऊन बसला होता. सुरतेच्या आडत्याचा निरोप, नव्या मालाची छायाचित्रे, पैसे जमा झाल्याची सूचना... व्यापारी माणसाला निमित्त शोधावे लागत नाही. मुलांना मात्र मी रागावत असे. ‘जेवताना मोबाइल नको’ हा नियम त्यांच्यासाठी, आणि ‘एक मिनिट, दुकानाचे काम आहे’ ही सवलत माझ्यासाठी.

तीन वर्षांपूर्वीची संवत्सरी मी विसरू शकत नाही. प्रतिक्रमण करून घरी आलो आणि ‘मिच्छामि दुक्कडम्’चा एक सुंदर सचित्र मजकूर निवडून ग्राहक, आडते, नातलग अशा साऱ्यांना एकदम पाठवून दिला. तत्क्षणी शेजारच्या खोलीत बाबूजींचा मोबाइल वाजला. थोड्या वेळाने ते माझ्या दारात उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, “तुझा निरोप मिळाला. मलाही तुझी क्षमा मागायची होती. मला टाइप करता येत नाही, म्हणून आलो.”

त्यांच्या स्वरात टोमणा नव्हता, म्हणूनच ते शब्द अधिक लागले. त्याच वर्षी दुकानाच्या नूतनीकरणावरून मी त्यांना ग्राहकांसमोर “तुम्हाला यातले काही कळत नाही” असे बोललो होतो. त्या एका वाक्याची क्षमा मागायची राहिली होती, आणि मी चारशे माणसांबरोबर त्यांचेही खाते एका बोटाने चुकते करून टाकले होते. त्या रात्रीही माझ्या तोंडून ते वाक्य निघाले नाही. मी केवळ वाकून नमस्कार केला.

उत्तराध्ययन सूत्रात भगवान महावीर गौतमांना क्षणभरही प्रमाद न करण्याचा उपदेश करतात. प्रमाद म्हणजे आळस, अशीच माझी समजूत होती. समोर बसलेले आपले माणूस न दिसणे हाही प्रमादच, हे मला तेव्हा उमगले.

पुढे वर्तमानपत्रांत आलेल्या दोन गावांच्या हकिकती मनात घोळू लागल्या. आमच्या विदर्भातील, पुसद तालुक्यातील बान्सीच्या ग्रामसभेने नोव्हेंबर २०२२ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांना मोबाइल वापरण्यास बंदी केली. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे त्याच वर्षीच्या १५ ऑगस्टपासून सायंकाळी ७ वाजता भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत दूरदर्शन संच व मोबाइल बंद राहतात. दोन्ही गावांची तळमळ खरीच. पण वडगावचा भोंगा मुलांसाठी वाजतो तसाच वडीलधाऱ्यांसाठीही. मुलांना बंदी आणि स्वतःला सवलत, ही माझ्या घरातील रीत मला त्यापुढे खटकू लागली.

आम्हाला भोंग्याची गरज नव्हती. आपल्याकडे सामायिकाचे माप आहेच. दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे. तेवढा वेळ सर्वांचे मोबाइल दुकानाच्या गल्ल्यात कुलूपबंद ठेवायचे, असा नियम घेतला. सर्वांत आधी माझा मोबाइल आत गेला.

पहिले काही दिवस पंगतीत नुसती शांतता होती; एकमेकांशी काय बोलावे, हेच सुचेना. हात सारखा खिशाकडे जाई. एकदा त्या ४८ मिनिटांत आलेला आडत्याचा फोन हुकला आणि माल दुसऱ्याने उचलला. ते नुकसान मी खर्चाच्या बाजूला लिहिले. जमेच्या बाजूला मात्र हळूहळू बरेच काही येऊ लागले. धाकटीला शाळेत कोण त्रास देते, ते कळले. सायकलवर कापडाचे गठ्ठे बांधून बाबूजी आठवडी बाजारांत फिरत, हे माझ्या मुलांनी प्रथमच ऐकले आणि खरे सांगायचे तर त्यातील निम्मे मीही.

पुढच्या संवत्सरीला कोणालाही संदेश पाठवण्याआधी मी बाबूजींच्या खोलीत गेलो. ग्राहकांसमोर बोललेले ते वाक्य जसेच्या तसे उच्चारले आणि त्याची क्षमा मागितली.

बाबूजी काही वेळ गप्प राहिले. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “माझ्या लक्षात होते. बरे झाले, बोललास.”