सेकंडहँड गाडी, फर्स्टहँड धडधड

‘‘ताई, गाडी मिस्टरांसाठी बघताय का?’’

पहिल्याच फोनवर पहिलाच प्रश्न! मी म्हटलं, नाही हो, स्वतःसाठी. पलीकडे दोन सेकंद शांतता. मग एकदम उत्साहात, ‘‘अरे वा! मग तुम्ही अगदी करेक्ट गाडी निवडलीत.’’ हे वाक्य गाडी विकणारा प्रत्येक जण प्रत्येकाला म्हणतो, हे कळायला मला पुढचे दोन महिने लागले.

स्पोर्ट बाईकचा किडा तसा जुना. 2004 मध्ये ‘धूम’ आला तेव्हा मी दुसरीत होते. वर्गातली मुलं बाकावर पालथी झोपून तोंडानं ‘व्रुम’ करायची. मीही करायचे. मग पुण्यातल्या तमाम मुलींसारखी स्कूटर आली, कॉलेज झालं, हिंजवडीची नोकरी लागली आणि किडा झोपी गेला. त्याला उठवलं आमच्या ऑफिसच्या ग्रुपनं. दर शनिवारी पहाटे ताम्हिणी, परतताना मिसळ आणि सोमवारी लंचला त्याच वळणांची चर्चा! मी भावाच्या स्प्लेंडरवर गिअर शिकले, लायसन्सवर गिअरची नोंद करून घेतली आणि जाहीर करून टाकलं, मी पण गाडी घेतेय.

सेकंडहँडच का? एक तर बजेट. आणि दुसरं, नवशिक्याची स्पोर्ट बाईक आज ना उद्या आडवी होतेच, असं प्रत्येक अनुभवी माणूस सांगत होता. साध्या बाईकला पडल्यावर इंडिकेटर जातो. इथे अंगभर प्लॅस्टिकचं फेअरिंग असतं आणि त्याच्या एकेका पॅनलची किंमत ऐकून माणूस स्वतःच्या गुडघ्याला काय झालंय ते बघायचं विसरतो. म्हणून आधीच चार ओरखडे खाल्लेली गाडी बरी.

माझ्या डोक्यात यामाहाची आर 15 होती. 155 सीसी, आटोपशीर. पण ग्रुपमधला एक जण म्हणाला, ‘‘155? अगं, सहा महिन्यांत बोअर होशील. घ्यायची तर एकदाच मोठी घे.’’ झालं! त्या रात्रीपासून मी केटीएमची आरसी 390 शोधायला लागले. 373 सीसी आणि 43 पीएसची ताकद. स्प्लेंडरची आठच्या आसपास. म्हणजे मी पोहण्याच्या क्लासला चार महिने जाऊन थेट समुद्रात उडी मारणार होते, फक्त तेव्हा मला ते ‘अपग्रेड’ वाटत होतं.

पाषाणच्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये ती उभी होती. 2018 चं मॉडेल, सिंगल ओनर, मालकाच्या भाषेत ‘शोरूम कंडिशन’. एक लाख पंचावन्न हजार. मालक माझ्याच वयाचा, इस्त्रीचा शर्ट वगैरे. ‘‘किती वर्षं चालवताय?’’ मी बेधडक सांगितलं, तीन वर्षं. खरा आकडा महिन्यांत होता.

टेस्ट राईडला निघाले. सेकंड गिअर, रस्ता मोकळा, कानात तो आवाज... सॉलिड! आणि पुढची रिक्षा अचानक थांबली. मी ब्रेक दाबला. स्पोर्ट बाईकवर आपण पुढे वाकलेले असतो. ब्रेक लागला की सगळं अंग टाकीवर सरकतं आणि भार येतो मनगटांवर. माझं उजवं मनगट त्या भारानं खाली गेलं आणि थ्रॉटल पिळला गेला. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकाच वेळी! गाडीनं पुढे झेप घेतली. क्लच नेमका कधी ओढला ते आजही आठवत नाही. थांबले तेव्हा पुढचं चाक आणि रिक्षा यांच्यात वीतभर अंतर होतं. रिक्षावाल्यानं आरशात बघून शांतपणे म्हटलं, ‘‘मॅडम, जरा दमानं.’’

परत आले. मालकानं विचारलं, कशी वाटली? मी म्हटलं, ‘‘मस्त!’’

इतकंच नाही, टोकनचे पाच हजार द्यायला फोनही काढला. हात इतका थरथरत होता की यूपीआयचा पिन दोनदा चुकला. तिसऱ्यांदा चुकला असता तर ॲप लॉक होईल या भीतीनं म्हटलं, रविवारी मेकॅनिकला घेऊन येते, तेव्हाच देते. माझ्या त्या दिवसातला एकमेव शहाणपणा, तोही असा.

मेकॅनिक म्हणजे कर्वेनगरचे काका. माझी स्कूटर कॉलेजपासून त्यांच्याकडेच. बोलणं कमी, पान जास्त. त्यांनी आदल्या रात्री मालकाला फोन करायला लावला, ‘‘आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका.’’ रविवारी पोचल्याबरोबर काकांनी इंजिनजवळ हात नेला आणि माझ्याकडे बघितलं. गरम! थंड इंजिन सुरू होताना काय कुरकुर करतं, धूर सोडतं का, ते गरम इंजिनावर कळत नाही. मालक म्हणाला, ‘‘धुवायला नेली होती.’’ गाडीवर धूळ होती.

मग काकांनी जे केलं ते मी भान हरपून बघत राहिले. नव्या कोऱ्या फेअरिंगकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. बघितली ती टोकं : हँडलची, लिव्हरची, फूटरेस्टची. गाडी पडते तेव्हा आधी हीच घासतात. इथे एका बाजूचं लिव्हर घासलेलं, दुसऱ्या बाजूचं चकचकीत नवं. फेअरिंगच्या बोल्टची डोकी खरवडलेली, म्हणजे ते बऱ्याचदा उघडलेलं. मग हँडल पूर्ण वळवलं आणि ते जिथे जाऊन टेकतं तिथली लोखंडी खुंटी टॉर्च मारून दाखवली. दबलेली होती.

मालक म्हणाला, ‘‘पार्किंगमध्ये एकदा पडली होती.’’

काकांनी टॉर्च बंद केला. ‘‘पार्किंगमध्ये पडलेल्या गाडीची ही खुंटी नाही दबत, साहेब. चला ताई.’’

परतताना मी त्या माणसाला मनसोक्त शिव्या घातल्या. खोटारडा, फसव्या, इस्त्रीचा शर्ट घालून फिरतो वगैरे. काका सिग्नलपर्यंत ऐकत होते. मग म्हणाले, ‘‘टेस्ट राईड घेतलीत ना? ब्रेक कसा लागला?’’

मी पुन्हा ‘मस्त’ म्हणणार होते. पण ती दबलेली खुंटी डोळ्यांसमोर होती. सगळं सांगितलं. रिक्षा, मनगट, वीतभर अंतर. ‘तीन वर्षं’ पण सांगितलं. काका हसले नाहीत, ओरडलेही नाहीत. म्हणाले, ‘‘गाडी मी तपासली. तुम्हाला कोण तपासणार? उद्या सहाला ग्राउंडवर या.’’

दुसऱ्या दिवशी पहाटे सहा वाजता, काकांची जुनी पल्सर आणि जमिनीवर खडूची एक रेघ. चाळीसच्या वेगानं यायचं, रेघेपाशी ब्रेक, जास्तीत जास्त कमी अंतरात उभं राहायचं. सोपं? पहिल्यांदा मागचं चाक घसरलं. दुसऱ्यांदा गाडी बंद पडली. तिसऱ्यांदा रेघेच्या इतकी पुढे गेले की काका चालत यायला कंटाळले. स्कूटरच्या सवयीनं मी मागच्याच ब्रेकवर विसंबत होते. खरं तर ब्रेक लागला की सगळं वजन पुढे येतं, त्यामुळे थांबवायचं मुख्य काम पुढचं चाक करतं. पण तो ब्रेक खसकन ओढायचा नाही. आधी हलका, वजन पुढे आलं की घट्ट. आणि गुडघ्यांनी टाकी आवळून धरायची, म्हणजे अंगाचा भार हातांवर येत नाही आणि माझ्यासारखा थ्रॉटल पिळला जात नाही. यू-टर्नचं तर बोलायलाच नको. दोन्ही पाय जमिनीला लावल्याशिवाय एकही वळण पूर्ण झालं नाही.

‘‘महिनाभर गाड्या बघू नका,’’ काका म्हणाले. मला जाम राग आला होता. तरी गेले. ऑफिसच्या आधी, रोज नाही जमलं, पण आठवड्यातून चार दिवस तरी. ग्रुपवर ताम्हिणीचे फोटो येत राहिले. ‘घेतलीस का 390?’ ला मी नुसताच अंगठा पाठवायचे.

महिन्यानंतर धनकवडीत 2019 ची आर 15 बघितली. तिसरं व्हर्जन, सव्वीस हजार किलोमीटर, दोन्ही चाकांना एबीएस. इंजिन गारढोण! मालक पंचविशीतला मुलगा, नोकरीसाठी परदेशी चाललेला. आम्ही काही विचारायच्या आत त्यानं स्वतःच डावी बाजू दाखवली. हातभर ओरखडा. ‘‘सिंहगडाच्या वळणावर पडलो, ताई. वळणात घाबरून पुढचा ब्रेक दाबला.’’ काकांनी खुंटी बघितली. शाबूत. हँडल हळूहळू दोन्हीकडे फिरवलं, मध्ये कुठे अडकत नव्हतं. चेन ठीक. टायरवरचे शेवटचे चार आकडे 1119, म्हणजे 2019 च्या अकराव्या आठवड्यातले. नक्षी शिल्लक होती, पण रबर वयानं कडक झालेलं. दोन्ही बदलायचे, आणि तेवढे पैसे कमी.

मग त्यानं विचारलं, ‘‘किती वर्षं चालवताय?’’

‘‘सहा महिने,’’ मी म्हटलं. काका पान चघळत दुसरीकडे बघत होते.

‘‘मग हातांवर भार देऊ नका, टाकी गुडघ्यांनी धरा,’’ म्हणून त्यानं चावी दिली. त्या टेस्ट राईडमध्ये मी मुद्दाम तीनदा कडक ब्रेक मारला. तिन्ही वेळा गाडी सरळ उभी राहिली. बस्स.

कागदांनी मात्र घाम काढला. एमपरिवहनवर बघितलं तर गाडीवर अजून बँकेचा बोजा. कर्ज केव्हाच फिटलं होतं, पण तो आरसीवरून उतरवायचा राहून गेलेला. मग बँकेची एनओसी, फॉर्म 35, त्यानंतर नाव बदलायचे फॉर्म 29 आणि 30. दोन चलनंही निघाली, ती त्यानं माझ्यासमोरच भरली. विमा गाडीबरोबर आपोआप माझ्या नावावर होतो, हा माझा गोड गैरसमज होता. थर्ड पार्टीचं संरक्षण गाडीबरोबर येतं. आपल्या गाडीच्या नुकसानीचा भाग हवा असेल तर 14 दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करावा लागतो. आणि नो क्लेम बोनस मूळ मालकाचा, तो त्याच्याबरोबर जातो. सौदा अठ्ठ्याण्णव हजारांना ठरला. या वेळी पिन पहिल्या फटक्यात बरोबर.

नवे टायर घालून संध्याकाळी गाडी घरी आणली. धनकवडी ते कर्वेनगर, मध्ये स्वारगेटचा ट्रॅफिक, एकदाही बंद पडली नाही. आई गॅलरीत उभी. सोसायटीच्या गेटपाशी मला वाटलं, एक छानसा यू-टर्न घेऊन तिच्यासमोर गाडी लावावी. स्पोर्ट बाईकचं हँडल साध्या गाडीइतकं वळत नाही, हे मला माहीत होतं. पण आई बघत होती ना...

वॉचमननं आणि मी मिळून गाडी उचलली. मला काही झालं नव्हतं. रात्री काकांना फोन केला.

‘‘कुठल्या बाजूला पडली?’’

‘‘डाव्या.’’

‘‘मग झोपा आता,’’ काका म्हणाले. ‘‘त्या बाजूचे पैसे आपण आधीच कमी करून घेतलेत.’’